औषधाचे कुळगोत्र

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सरकारी रुग्णालयात, एचआयव्हीची औषधे जेथून दरमहा दिली जातात त्या खिडकीच्या आतल्या बाजूस, औषधनिर्माता या हुद्द्यावर मी चौदा वर्षे बसलो. आणि 'सध्या कोणते औषध चालू आहे?' हा प्रश्न त्या अवधीत मी किती सहस्र वेळा विचारला असेल याचा हिशेब माझ्यापाशी नसला, तरी त्याला मिळालेली उत्तरे अद्याप कानांत आहेत. 'ती पांढरी, लांबट'. 'रात्री झोपताना घ्यायची ती'. 'जिच्यानं स्वप्नं पडतात ती'. 'तुम्हीच तर दिली, तुम्हांला ठाऊक नाही का?' यांपैकी शेवटचे उत्तर सर्वांत न्याय्य होते, हे मला कबूल केले पाहिजे. कारण देणाऱ्याने औषधाचे नाव सांगितले नाही, तर ते न जाणण्याचा दोष घेणाऱ्याच्या पदरी घालता येत नाही.

एका वर्षी निविदेप्रमाणे पुरवठा करणारी कंपनी बदलली, आणि औषध तेच राहून गोळीचा रंग तेवढा फिरला. कापडाच्या दुकानात जमाखर्च लिहिणारे, वागण्याबोलण्यात अत्यंत व्यवस्थित असे एक गृहस्थ त्या महिन्यात डबी घेऊन गेले, आणि चुकीचे औषध पदरात पडले अशी खात्री करून घेऊन अकरा दिवस त्यांनी गोळीला हात लावला नाही. त्याच वर्षी एका बाईंचे औषध खरोखरच बदलण्यात आले होते. परंतु नवी डबी हुबेहूब जुन्यासारखी दिसत असल्यामुळे, 'वाया कशाला घालवायच्या' म्हणून त्यांनी घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आधी संपविल्या. रंग, आकार, डबीचे टोपण या कंपनीच्या मर्जीच्या गोष्टी आहेत, त्या बदलतात. औषधाचे कूळ मात्र बदलत नाही. लग्नाच्या बैठकीत ज्या चौकसपणाने आपण कुळगोत्र विचारतो त्याच्या दशांश चौकसपणाने औषधाचे विचारले, तर ते शरीरात कोठे काम करते, कशाने बिघडते आणि निकामी झाले तर त्याच्याबरोबर आणखी कोणाकोणाचा रस्ता बंद होतो, हे बरेचसे त्या एका उत्तरात हाती लागते. म्हणून हा लेख.

कुळे समजण्यासाठी आधी विषाणूची वहिवाट पाहिली पाहिजे. खोटे दस्तऐवज रचून दुसऱ्याच्या जमिनीत आपले नाव लावणाऱ्या बेरकी इसमाची जी रीत, तीच या विषाणूची. शरीराच्या संरक्षक फौजेला इशारे देणाऱ्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींच्या दारावरील कडी धरून तो आत उतरतो. त्याचा मूळ कागद आरएनएच्या लिपीत असतो आणि पेशीचे दप्तर डीएनएच्या. तेव्हा मोडीतला कागद बालबोधीत उतरविणाऱ्या कारकुनासारखे एक विकर, ज्याचे नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, तो बरोबरच घेऊन येतो. (अशी उलटी नक्कल निसर्गात होते हे १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, तोवर बहुतेक विद्वान ही कल्पना हसण्यावारी नेत.) नक्कल तयार झाली की इंटिग्रेज नावाचा दुसरा कारकून ती पेशीच्या मूळ दप्तरात घुसवितो: फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव लागले. मग पेशी बिचारी त्या नोंदीबरहुकूम विषाणूची प्रथिने बनवू लागते. परंतु ती एका सलग लांब पट्टीच्या स्वरूपात बाहेर पडतात, आणि प्रोटिएज नावाच्या तिसऱ्या कारकुनाने ती नेमक्या जागी कातरल्याखेरीज नवा विषाणू पुरा होत नाही.

दार, नक्कल, फेरफार आणि कातर: आज वापरात असलेल्या जवळजवळ सर्व औषधांची कुळे या चार जागांवरून ओळखता येतात. आणि यातून एक गोष्ट प्रथमच मनात पक्की करावी, ती ही की, ही औषधे नवे फेरफार अडवितात, एकदा लागलेली जुनी नोंद खोडत नाहीत. अशा नोंदी असलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून राहतात. औषध थांबले की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू पुनश्च रक्तात दिसू लागतो. 'तपासणीत विषाणू सापडला नाही, आता गोळ्या कशाला?' असे विचारणारा मनुष्य मला महिन्यातून एकदा तरी भेटे, आणि त्याची समजूत घालण्यास या सातबाऱ्याच्या दृष्टान्ताइतके दुसरे काहीही उपयोगी पडले नाही, कारण जमिनीचा दावा आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहे.

पहिले कूळ नक्कल करणाऱ्या कारकुनाला फसविणाऱ्यांचे. याला डॉक्टर मंडळी एनआरटीआय म्हणतात. आपण न्यूक्लिओसाइड वर्ग म्हणू. डीएनएचा धागा चार प्रकारच्या मण्यांनी ओवला जातो. या वर्गातील औषध हुबेहूब मण्यासारखे दिसते, परंतु त्याचे भोक एकाच बाजूस असते; कारकुनाने ते माळेत ओवले की पुढचा मणी जोडण्यास जागाच उरत नाही आणि माळ तेथेच अडते. यांतील झिडोव्हुडिन हे सर्वांत जुने: १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कर्करोगावरील औषध म्हणून सिद्ध केले, त्या कामी ते कुचकामी ठरले, आणि फडताळात पडलेले तेच रसायन मार्च १९८७ मध्ये एचआयव्हीवरील पहिले संमत औषध झाले. त्या काळी ते दर चार तासांनी, गजर लावून रात्रीसुद्धा उठून घ्यावे लागे. आणि एवढे करूनही, एकटेच दिलेले असल्यामुळे, विषाणू काही महिन्यांत त्याला सरावत असे.

याच कुळातील टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एमट्रिसिटाबिन आणि अबाकाव्हिर ही आज प्रचारात आहेत. येथे लग्नाच्या नियमाशी एक मौजेचे साम्य आणि एक मौजेचा विरोध आहे. एकाच उपचारात या कुळातील दोन औषधे जोडीने देण्याचा शिरस्ता आहे, म्हणजे सगोत्र चालते; परंतु ती दोन्ही एकाच मण्याची नक्कल करणारी असून चालत नाहीत, म्हणजे सप्रवर चालत नाही. लॅमिव्हुडिन आणि एमट्रिसिटाबिन हे दोघे एकाच मण्याचे सोंग घेतात, म्हणून ते कधीही एकत्र देत नाहीत. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आपल्या हाती असतील आणि एकीवर एक नाव व दुसरीवर दुसरे असेल, तर दोन्ही गोळ्या गिळण्याआधी विचारावे, ही सूचना अनुभवांती करीत आहे.

प्रत्येकाचा स्वभाव निराळा. टेनोफोव्हिर सामान्यतः सोसते, परंतु त्याची नजर मूत्रपिंडावर आणि काही अंशी हाडांवर असते; म्हणून क्रिएटिनिनची तपासणी ठरल्या वेळी करावी. कंबर धरली की डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून आठवडा-आठवडा खाण्याची आपल्याकडील सवय या औषधाबरोबर विशेष घातक आहे, कारण दोघांचाही भार त्याच मूत्रपिंडावर पडतो. झिडोव्हुडिनमुळे रक्त कमी होते, कित्येकांची नखे काळवंडतात. नखांचे काळेपण निरुपद्रवी असले तरी रक्ताचे नाही, आणि आमच्या भागातील स्त्रियांचे हिमोग्लोबिन मुळातच जेथे असते तेथून ते आणखी उतरण्यास जागा नसते. अबाकाव्हिरची गोष्ट सर्वांत निकराची. काही विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या लोकांना ते सुरू केल्यावर, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत, ताप, पुरळ, उलट्या, धाप असा एकत्रित प्रकोप होतो. त्या कारणाने ते एकदा थांबविले, तर आयुष्यात पुन्हा कधीही घ्यावयाचे नाही, दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया प्राणावर बेतू शकते. ज्याला हे घडले असेल त्याने 'अबाकाव्हिर' हा शब्द आपल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहून ठेवावा. लॅमिव्हुडिनबद्दल तक्रारीस फारशी जागा नाही. मात्र ते आणि टेनोफोव्हिर ही दोन्ही हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात, सबब ज्यांना ती कावीळही आहे त्यांनी ही औषधे स्वतःच्या मनाने सोडली तर यकृत अकस्मात भडकते.

स्टॅव्हुडिन नावाचा या कुळातील एक पुरुष आता निवृत्त झाला आहे, तरी त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वस्त म्हणून तो आरंभीच्या काळात लाखोंना दिला गेला आणि त्याने लाखोंना जगविले. परंतु काही वर्षांनी गालांतील चरबी झडून चेहरा असा बसे की, खिडकीपाशी रांगेत उभे असलेले लोक एकमेकांचे भाऊ वाटत. गावात रोग ओळखला जाई तो त्या गालांवरून. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. जुने रुग्ण 'औषधाने तोंड बसते' असे आजही नवागतांस सांगताना आढळतात. ते खरे होते, पण ते त्या औषधाचे होते, आजच्या गोळीचे नव्हे.

दुसरे कूळ त्याच कारकुनाच्या मागे लागलेले, पण रीत वेगळी. हे मण्याचे सोंग घेत नाही. कारकुनाच्या कोपराच्या सांध्यात पाचर मारावी तसे विकराच्या एका खोबणीत जाऊन बसते आणि त्याचा हातच हलेनासा करते. एनएनआरटीआय हे त्याचे लांबलचक नाव. नेव्हिरापिन आणि एफाविरेंझ हे त्यातले आपल्याकडे सर्वाधिक परिचित. नेव्हिरापिन पहिले चौदा दिवस निम्म्या मात्रेने द्यावे लागते, आणि त्या दिवसांत अंगावर पुरळ उठून तोंडात फोड आले किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एफाविरेंझ म्हणजे ती स्वप्नांची गोळी. तुपातेलाच्या जेवणावर घेतली की ती अधिक चढते, म्हणून पोट हलके ठेवून निजण्याच्या वेळी घेण्याचा नियम. एका सुताराने मला सांगितले होते की, पहिल्या महिन्यात त्याला रोज रात्री आपण रंधा मारीत असलेली फळी संपतच नाही असे दिसे.

या कुळाचे वैगुण्य असे की, विषाणूच्या दस्तऐवजात एका अक्षराचा बदल झाला तरी खोबणीचा आकार बदलतो आणि पाचर बसत नाही. आणि नेव्हिरापिनला न जुमानणारा विषाणू बहुधा एफाविरेंझलाही जुमानत नाही. शिवाय ही औषधे रक्तात फार दिवस रेंगाळतात. तिन्ही गोळ्या एकदम सोडल्या तर बाकीची दोन एक-दोन दिवसांत निघून जातात, आणि हे एकटेच आठवडाभर विषाणूसमोर उरते; म्हणजे १९८७ साली ज्या चुकीने पहिले औषध वाया गेले, तीच चूक आपण घरबसल्या करून दाखवितो.

तिसरे कूळ प्रोटिएजची कातर बोथट करणाऱ्यांचे. १९९५ च्या डिसेंबरात त्यातील पहिले औषध अमेरिकेत संमत झाले, आणि पुढील वर्षी तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मरणशय्येवरची माणसे उठून कामावर जाऊ लागली. आपल्याकडे पहिल्या उपचाराला विषाणू दाद देईनासा झाला म्हणजे या कुळाचा आश्रय घेतात: लोपिनाव्हिर, अटाझानाव्हिर, डारुनाव्हिर. लोपिनाव्हिरने पोट बिघडते. अटाझानाव्हिरने डोळे पिवळे दिसतात, परंतु ते बहुधा रक्तातील बिलिरुबिन वाढल्यामुळे, यकृत बिघडल्यामुळे नव्हे, तरीही काविळीचे झाडपाल्याचे औषध घेण्यापूर्वी एकवार दाखवावे. डारुनाव्हिर अन्नाबरोबर घ्यावयाचे, आणि त्याला निष्प्रभ करण्यास विषाणूला अनेक ठिकाणी बदल करावे लागतात, हा त्याचा मोठा गुण.

या तिघांच्या सोबत रिटोनाव्हिर नावाचे आणखी एक औषध असते. ते स्वतः याच कुळातले. एके काळी स्वतंत्रपणे भरपूर मात्रेत दिले जाई. आता त्याची शंभर मिलिग्रॅमची अल्प मात्रा देतात ती विषाणूसाठी नव्हे, तर यकृतात औषधांचे विघटन करणाऱ्या विकराला अडवून मुख्य औषध रक्तात अधिक काळ टिकविण्यासाठी. स्वतःची नोकरी सोडून दुसऱ्याच्या वकिलीवर राहिलेला हा इसम मोठा उपयोगी, पण तेवढाच अडचणीचा. कारण यकृतातली ती चौकी अडली म्हणजे तेथून जाणारी इतर औषधेही तुंबतात. अर्धशिशीवरील अर्गोटामिनने बोटांचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिनने स्नायू विरघळू लागतात. दम्याच्या पंपातील फ्लुटिकॅसोनसारखे स्टेरॉइड अंगात साचून तोंड सुजते. ज्याच्या गोळ्यांत रिटोनाव्हिर आहे त्याने दातांच्या डॉक्टरपासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकास हे एक नाव सांगावे. रोगाचे नाव सांगण्याचा संकोच वाटला तर निदान औषधाचे तरी सांगावे. जाणत्यास तेवढे पुरते.

चौथे कूळ या चारांत सर्वांत तरुण आणि आजच्या घडीला सर्वांत मानाचे: फेरफार अडविणारे, म्हणजे इंटिग्रेजविरोधी. २००७ साली राल्टेग्राव्हिर आले, २०१३ साली डोल्युटेग्राव्हिर. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिरयुक्त उपचाराला पहिली पसंती दिली. आपल्या सरकारी केंद्रांतून आज बहुसंख्य प्रौढांना जी एक गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात: टेनोफोव्हिर तीनशे, लॅमिव्हुडिन तीनशे आणि डोल्युटेग्राव्हिर पन्नास मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या कुळातील दोन आणि चौथ्यातील एक. वाचकांपैकी ज्यांना एवढेच लक्षात ठेवणे शक्य आहे त्यांनी एवढे ठेवले तरी लेखकाची तक्रार नाही.

डोल्युटेग्राव्हिरची खोड समजून घेण्यासारखी आहे. इंटिग्रेजच्या मुखाशी मॅग्नेशियमचे दोन कण असतात, आणि हे औषध त्या कणांना चिमट्यासारखे धरून कारकुनाचे तोंड बंद करते. धातूचे कण धरणे हा ज्याचा धर्म, त्याला पोटातच दुसरे धातू भेटले तर ते तेथेच त्यांना धरून बसते आणि रक्तापर्यंत पोहोचत नाही. आम्लपित्तावरचे पांढरे किंवा गुलाबी पातळ औषध हे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचेच असते. त्याच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ही गोळी घ्यावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्यांच्या बाबतीत एक मुभा अशी की, भरल्या पोटी जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतात. वैद्यबुवांच्या लोहभस्मात लोह आणि शंखभस्मात कॅल्शियमच असते, तेव्हा भस्माची पुडी वेगळ्या कायद्याखाली येते असे कोणी समजू नये.

मधुमेहाचे मेटफॉर्मिन डोल्युटेग्राव्हिरबरोबर रक्तात अधिक साचते, म्हणून त्याची दिवसाची मात्रा साधारणपणे एक हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. आणि क्षय, आमच्या खिडकीवर एचआयव्ही आणि क्षय ही जोडगोळी इतकी नित्याची होती की, दोन्ही खात्यांच्या पुस्तिका एकाच पिशवीत असत. क्षयावरील रिफाम्पिसिन हे यकृताची चौकी अतिवेगाने चालविते, त्यामुळे डोल्युटेग्राव्हिर लवकर निघून जाते. म्हणून क्षयाचे उपचार चालू असेतो आणि ते संपल्यावर आणखी दोन आठवडे, टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची एक सुटी गोळी अधिक देतात. ती जास्तीची गोळी 'ताकदीची असेल' म्हणून भावाला देऊन टाकणारा एक भला मनुष्य मला आठवतो. फेफऱ्यावरील फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो. याखेरीज झोप न लागणे आणि वजन वाढणे या दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. झोपेसाठी गोळी सकाळी घेण्याचा उपाय साधा आहे आणि पुष्कळांना लागू पडतो.

दारावर पहारा देणाऱ्या कुळांविषयी थोडक्यात सांगतो, कारण सामान्य वाचकाच्या हाती ती क्वचित पडतील. २००३ सालचे एन्फुव्हिर्टाइड दिवसातून दोनदा टोचून घ्यावे लागे. २००७ सालचे माराव्हिरॉक पेशीच्या दारावरील दुसरी कडी झाकते, आणि विषाणू तीच कडी वापरतो की नाही हे आधी तपासावे लागते. या चार जागांखेरीज विषाणूच्या कवचावर काम करणारे लेनाकापाव्हिर २०२२ मध्ये उपचारासाठी संमत झाले, आणि सहा महिन्यांतून एकदा टोचण्याचे प्रतिबंधक म्हणून त्याची आता जगभर चर्चा आहे.

आता तीनच औषधे एकत्र का, हा प्रश्न. उपचार नसलेल्या शरीरात दिवसाकाठी हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. दस्तऐवज सुमारे दहा हजार अक्षरांचा, आणि नक्कल करणारा कारकून चुकार. तेव्हा कोठल्याही एका अक्षराची चूक दररोज कोठे ना कोठे घडतेच, आणि लॅमिव्हुडिनला हरविण्यास अशी एकच चूक पुरते. परंतु तिन्ही औषधांना हरविणाऱ्या चुका एकाच दस्तऐवजात एकाच वेळी पडणे जवळजवळ अशक्य. गोळी नित्यनेमाने घेतली तर नक्कलच थांबते, आणि मग चूक करण्यास कारकुनाला कामच उरत नाही. गोळी अधूनमधून घेतली तर मात्र औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या अंमलाखाली नक्कल चालू राहते, आणि औषधाला पुरून उरेल तोच वंश वाढतो. मुळीच न घेण्यापेक्षा मधूनमधून घेणे काही बाबतींत अधिक नुकसानीचे का, याचे उत्तर यात आहे.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. आणि गोळ्या चुकल्या असतील तर खिडकीवर खरे सांगावे. डबीत उरलेल्या गोळ्या मोजण्याचा आमचा प्रघात होता, आणि चुकलेल्या गोळ्या येण्यापूर्वी मोरीत ओतून हिशेब जुळवून आणणारे लोकही होते. हिशेब जुळे, पण पुढे विषाणूभाराची तपासणी निघाली की खरे काय ते कागदावर येई. ही तपासणी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि तेथून पुढे वर्षातून एकदा करतात. आकडा मिलिलिटरला एक हजाराच्या वर आला, तर प्रथम औषध बदलीत नाहीत. गोळ्या का चुकतात याची चौकशी करून, नियमाने घेण्यास साहाय्य करून, तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. तेव्हाही आकडा वर राहिला तर कूळ बदलण्याचा विचार. नव्या उपचारातही लॅमिव्हुडिन कायम दिसले तर 'हरलेले औषध पुन्हा का?' असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्याला हरविणारा विषाणू त्या बदलामुळे स्वतः दुर्बळ झालेला असतो, आणि त्याला तसाच ठेवणे हिताचे असते.

आकडा दबलेला राहिला तर लाभ केवळ रुग्णाचा नाही. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ज्या अभ्यासात पुण्यातील केंद्रही सामील होते, त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला: लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढील अभ्यासांनी असे दाखविले की, विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. उपचाराविना आईकडून मुलास लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, उपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली येते.

तीन औषधे एका गोळीत येणे हे आज इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागचा इतिहास कोणाच्या ध्यानात येत नाही. तीन औषधांचे हक्क तीन परदेशी कंपन्यांकडे होते, आणि वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ कृतीवर दिलेली असल्यामुळे, मुंबईच्या सिप्ला कंपनीला ती तिन्ही एकत्र करता आली, आणि २००१ साली युसुफ हमीद यांनी वर्षाला तीनशे पन्नास डॉलर या दराने ती देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांतून हे औषध विनामूल्य मिळू लागले. तेव्हा मोफत मिळते म्हणून ते हलक्या प्रतीचे असावे, असा जो एक समज सुशिक्षितांतही आढळतो त्यात तथ्य नाही.

काही किरकोळ पण उपयुक्त गोष्टी. डबीत असलेली दमट हवा शोषणारी लहान पुडी फेकून देऊ नये. लोकांच्या नजरेस येऊ नये म्हणून डबीवरचा कागद सोलण्याची चाल सार्वत्रिक आहे आणि ती मी कधी नावाजली नाही की निषेधिली नाही; पण गोळ्या डबीतून काढून हळद-तिखटाच्या डब्यात भरू नयेत. आपली स्थिती आपल्या लेखी संमतीवाचून दुसऱ्यास उघड करण्यास २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, सामान्यतः मनाई करतो, आणि नोकरीवरून त्या कारणे काढून टाकण्यासही. १०९७ या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत. सुई टोचली, किंवा अन्य रीतीने संसर्गाचा संशय आला, तर बहात्तर तासांच्या आत, आणि शक्य तर पहिल्या दोन तासांतच, औषध सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतल्यास लागण टळू शकते. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नये.

परगावी जाणाऱ्यांनी गोळ्या मोजून न्याव्यात. दसऱ्यानंतर आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात निघत, मुकादमाची उचल घेतलेली असे, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परत येणे नाही. अशांना तीन महिन्यांच्या डब्या एकदम देऊन, कारखान्याजवळच्या केंद्राचे नाव हिरव्या पुस्तिकेत लिहून देण्याचा आमचा रिवाज होता. एका वर्षी अशीच एक तरुण बाई टोळीबरोबर जाण्याच्या आदल्या दिवशी आली. पाचवा महिना होता. तिने तीन डब्या घेतल्या, तेथेच बाकावर बसून नखाने कागद सोलले, आणि मी सांगितले तसे प्रत्येक डबीच्या बुडाशी बॉलपेनने तीन अक्षरे लिहिली: टे, लॅ, डो. मग पदराच्या गाठीतून प्रसूतिपूर्व तपासणीत मिळालेल्या तांबड्या गोळ्यांची पट्टी काढून तिने माझ्यापुढे धरली आणि विचारले, "यातली लोहाच्या गोळीशी भांडते ती कोणती, दादा?" मी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले. तिने तिन्ही डब्यांवर त्या अक्षराखाली एकेक रेघ ओढून घेतली, आणि कोणत्या जेवणाला कोणती गोळी ते मला दोनदा म्हणून दाखविले.